जुन्या ट्रकांमधील मऊ ब्रेक पेडल

मऊ ब्रेक पेडल हा हायड्रॉलिक ब्रेक असलेल्या वाहनांत आढळणारा दोष आहे. या दोषात पेडल दाबल्यावर पायाला नेहमीचा घट्ट रोध जाणवत नाही. पेडल स्पंजासारखे दबते, नेहमीपेक्षा खूप खाली जाते किंवा दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसते. गॅरेजच्या बोलीत ‘ब्रेक स्पंजी झाला’, ‘पेडल खाली बसते’, ‘पंप मारल्याशिवाय ब्रेक लागत नाही’ असे त्याचे वर्णन केले जाते. मऊ पेडल हे लक्षण आहे, मूळ बिघाड नव्हे. द्रवात शिरलेली हवा, द्रवाची गळती, ब्रेक शू व ड्रम यांच्यातील वाढलेले अंतर आणि तापून उकळलेला द्रव या चार प्रमुख कारणांमुळे ते उद्भवते. प्रत्येक कारणाची दुरुस्ती वेगळी असल्याने निदान आधी आणि दुरुस्ती नंतर हा क्रम महत्त्वाचा ठरतो.

महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या तालुक्यांत समुद्रकिनारा, मुंबई–अहमदाबाद महामार्ग आणि जव्हारकडे चढणारे घाटरस्ते एकमेकांपासून फार दूर नाहीत. दमट खारी हवा, दीर्घ पावसाळा आणि उतारावरील भारवाहतूक यांमुळे जुन्या हायड्रॉलिक ब्रेकच्या निगेचा प्रश्न येथे विशेष महत्त्वाचा आहे.

== पार्श्वभूमी ==

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, या पास्कलच्या नियमावर हायड्रॉलिक ब्रेक आधारलेले आहेत. माल्कम लॉकहीड यांनी १९१७ मध्ये अशा ब्रेकचे अमेरिकी पेटंट मिळवले. १९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग कंपनीच्या मोटारीत चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक बसवण्यात आले.

वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर ऑटोमोबाईल्स या कंपनीने मुंबईतील कुर्ला येथे क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज व फार्गो ट्रक तयार केले. टाटा उद्योगसमूहाने १९५४ मध्ये डेमलर-बेंझशी करार करून ट्रकनिर्मिती सुरू केली. १९८० च्या दशकात जपानी कंपन्यांच्या सहकार्याने स्वराज माझदा, आयशर मित्सुबिशी, डीसीएम टोयोटा व ऑल्विन निस्सान हे हलके ट्रक बाजारात आले. टाटांचा ४०७ हा हलका ट्रक १९८६ मध्ये दाखल झाला. या वर्गातील जुन्या हलक्या ट्रकांत प्रामुख्याने निर्वात बूस्टरची जोड असलेले हायड्रॉलिक ब्रेक असतात.

== रचना व कार्य ==

चालकाने पेडल दाबले की पुशरॉड मास्टर सिलिंडरमधील पिस्टन पुढे ढकलतो. सिलिंडरमधील द्रव लोखंडी व रबरी नळ्यांतून प्रत्येक चाकाच्या व्हील सिलिंडरपर्यंत दाब पोहोचवतो. व्हील सिलिंडरचे पिस्टन ब्रेक शू बाहेर ढकलतात आणि शूवरील लायनिंग फिरत्या ड्रमला घासून चाक थांबवते. लायनिंगला गॅरेजमध्ये ‘लायनर’ असेही म्हणतात.

पेडल ही एक तरफ आहे. तिचे प्रमाण ५:१ धरल्यास पुशरॉडवर पायाच्या पाचपट जोर येतो. मात्र पुशरॉड १ मिमी सरकण्यासाठी पेडल ५ मिमी खाली जावे लागते. त्यामुळे चाकाजवळचे किंवा सिलिंडरमधील किरकोळ अंतरही पायाखाली मोठे होऊन जाणवते.

द्रव व्यवहारात दबत नाही, हवा मात्र दबते. प्रणालीत १० मिली हवा, म्हणजे सुमारे दोन चहाचे चमचे इतका बुडबुडा शिरला आहे असे मानल्यास वातावरणाच्या पाचपट निरपेक्ष दाबाला, तापमान न बदलल्यास, त्याचे आकारमान २ मिली उरते. उरलेली ८ मिली जागा द्रवाने भरून काढावी लागते. मास्टर सिलिंडरचा अंतर्व्यास २५ मिमी असल्यास त्यासाठी पिस्टन सुमारे १६ मिमी सरकतो, आणि ५:१ तरफेमुळे पेडल सुमारे ८० मिमी खाली जाते. पेडलची बरीचशी चाल अशा प्रकारे ब्रेक नीट लागण्यापूर्वीच संपते.

नंतरच्या काळातील ट्रकांत मास्टर सिलिंडर दुहेरी असतो. त्याचे दोन कक्ष चाकांच्या दोन वेगळ्या गटांना दाब पुरवतात. एका गटाचा द्रव गळून गेला तरी दुसरा गट काम करतो. पण पेडल खूप खाली जाते आणि थांबण्याचे अंतर वाढते. एकेरी मास्टर सिलिंडर असलेल्या अधिक जुन्या ट्रकांत एकच नळी फुटली तरी चारही चाकांचे पायब्रेक जातात.

== हवेच्या ब्रेकशी फरक ==

जड ट्रकांतील पूर्ण हवेच्या ब्रेकमध्ये पेडलखाली द्रव नसून हवेची झडप असते. अशा ट्रकांना या लेखातील पेडलची चाचणी लागू पडत नाही. तेथे दाबमापक, हवेची गळती आणि स्लॅक ॲडजस्टरची चाल तपासतात. काही मध्यम ट्रकांत मिश्र रचना असते. त्यांत पेडल हवेची झडप उघडते आणि हवेचा दाब पुढे द्रवाला ढकलतो. द्रवात बुडबुडे असले तरी अशा पेडलला फरक जाणवेलच असे नाही. म्हणून तेथे द्रवाची पातळी आणि हवेच्या बूस्टरची चाल पाहावी लागते. दुरुस्तीपूर्वी ट्रकमध्ये कोणती प्रणाली आहे हे निश्चित करणे ही पहिली पायरी होय.

== डहाणू–तलासरी परिसरातील परिस्थिती ==

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ८ म्हणून ओळखला जाणारा आणि आता राष्ट्रीय महामार्ग ४८ चा भाग असलेला मुंबई–अहमदाबाद रस्ता मनोर, चारोटी आणि तलासरीवरून अच्छाड येथे गुजरातच्या सीमेपर्यंत जातो. मनोर व चारोटी यांच्या दरम्यान मेंढवण खिंड आहे. चारोटीजवळ हा महामार्ग डहाणूहून कासामार्गे जव्हारकडे जाणाऱ्या रस्त्याला छेदतो. जव्हार पठारावर असल्याने तेथून भरलेला ट्रक खाली आणताना ब्रेक दीर्घकाळ वापरात राहतात.

किनारपट्टीवर डहाणू, घोलवड व बोर्डी ही चिकूच्या बागांची गावे आहेत. डहाणू घोलवड चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. चिकू, मासळी, विटा, गवत, भाताचा पेंढा अशा मालाच्या जवळच्या वाहतुकीत हलके ट्रक सोयीचे ठरतात.

या परिस्थितीचा ब्रेकवर तीन प्रकारे परिणाम होतो. पहिला, दमट हवेतील बाष्प ब्रेक द्रवात शोषले जाते. दुसरा, खारी हवा आणि मासळीच्या बर्फाचे झिरपणारे पाणी यांमुळे लोखंडी नळ्या गंजतात. विशेषतः नळी चॅसीला जेथे क्लिपने बांधलेली असते तेथे पाणी व चिखल साचून गंज आतल्या आत वाढतो. तिसरा, पावसाळ्यात पाणी भरलेल्या रस्त्यांतून जाताना ड्रममध्ये पाणी व गाळ शिरतो आणि व्हील सिलिंडरच्या रबरी टोप्यांखाली ओल टिकून राहते. त्यामुळे जूनपूर्वी नळ्या व टोप्यांची आणि पावसाळ्यानंतर ड्रम व सिलिंडरची तपासणी करणे उपयुक्त ठरते.

== कारणे ==

=== द्रवात हवा ===
टाकीतील पातळी अतिशय खाली जाणे, दुरुस्तीसाठी नळी सोडल्यावर हवा न काढणे किंवा सैल जोड ही हवा शिरण्याची नेहमीची कारणे आहेत. पेडल लवचीक लागते आणि लागोपाठ दाबल्यास थोडे वर येते.

=== बाहेरील गळती ===
व्हील सिलिंडरचे वायसर झिजणे, गंजलेल्या नळीला छिद्र पडणे किंवा रबरी नळीला भेगा जाणे यांमुळे द्रव बाहेर येतो. चाकाच्या आतील बाजूला टायरवर ओले डाग दिसणे ही व्हील सिलिंडर गळत असल्याची खूण असू शकते. मात्र ॲक्सलचे तेलही तेथे येते. ॲक्सलचे तेल घट्ट असते व त्याला उग्र वास येतो. ब्रेक द्रव पातळ असतो आणि पाण्यात मिसळतो.

=== मास्टर सिलिंडरमधील अंतर्गत गळती ===
पिस्टनवरील रबरी वायसर झिजल्यास दाबलेला द्रव पुढे न जाता वायसरच्या कडेने मागे सरकतो. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसते, पण बाहेर थेंबही दिसत नाही आणि टाकीतील पातळीही घटत नाही. हलक्या, स्थिर दाबाला हा दोष अधिक स्पष्ट होतो.

=== बूस्टरमध्ये जाणारा द्रव ===
बाहेर गळती न दिसता पातळी मात्र सतत घटत असेल, तर मास्टर सिलिंडरच्या मागील वायसरमधून द्रव निर्वात बूस्टरमध्ये जात असण्याची शक्यता असते. बूस्टर स्वतः निकामी झाल्यास पेडल मऊ होत नाही, उलट कडक होते.

=== वाढलेले अंतर ===
लायनिंग झिजले किंवा ड्रम मोठा झाला की शूला ड्रमपर्यंत अधिक अंतर जावे लागते. पेडल पहिल्या दाबाला खाली जाते, दुसऱ्या दाबाला वर येते आणि तेथे घट्ट राहते. नवे लायनिंग ड्रमच्या गोलाईशी जुळत नसल्यास शू किंचित वाकतो. अशा वेळी हवा नसूनही पेडल स्पंजी लागते. फुगणारी जुनी रबरी नळी, सैल व्हील बेअरिंग आणि पेडलच्या कंसाला गेलेली भेग यांमुळेही असाच भास होतो.

=== उकळलेला द्रव ===
लांब उतारावर ड्रम तापतात आणि उष्णता व्हील सिलिंडरपर्यंत पोहोचते. पाणी शोषलेला द्रव उकळला की वाफेचे बुडबुडे तयार होऊन पेडल अचानक खाली जाते. ब्रेक थंड झाल्यावर ते पुन्हा बरे होते. त्यामुळे गॅरेजमध्ये दोष दिसत नाही आणि चालकाच्या तक्रारीकडे दुर्लक्ष होण्याचा धोका असतो. याउलट लायनिंग तापून पकड गेल्यास पेडल घट्ट राहते, पण गाडी थांबत नाही. पेडलच्या या फरकावरून दोन्ही दोष वेगळे ओळखता येतात.

== निदान ==

तपासणी सपाट जागेवर, चाकांना ठोकळे लावून केली जाते. तिचा सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे आहे.

१. टाकीतील द्रवाची पातळी व रंग पाहणे. ताजा द्रव फिकट असतो. काळपट किंवा गढूळ द्रव जुना अथवा दूषित असतो.

२. चारही चाके, नळ्या, जोड आणि मास्टर सिलिंडरची मागील बाजू कोरडी आहे का ते पाहणे.

३. पेडल तीन-चार वेळा लागोपाठ दाबणे. ते वर येऊन घट्ट झाल्यास अंतर वाढलेले असते. वर येऊनही लवचीक राहिल्यास हवा असण्याची शक्यता अधिक असते.

४. पेडल सुमारे एक मिनिट एकसारखे दाबून धरणे. ते खाली बसत गेल्यास बाहेरील किंवा अंतर्गत गळती असते.

५. इंजिन बंद ठेवून पेडल अनेकदा दाबणे, नंतर ते दाबून धरून इंजिन सुरू करणे. या वेळी पेडल किंचित खाली जाणे ही बूस्टर काम करत असल्याची खूण आहे. तो दोष नाही.

६. दोष सापडत नसल्यास मास्टर सिलिंडरच्या नळ्या सोडून तेथे योग्य आट्यांचे बूच घट्ट बसवणे. सिलिंडरमधील हवा काढल्यावर पेडल टणक झाल्यास तो चांगला असून दोष पुढे आहे. तरीही पेडल बसत गेल्यास सिलिंडरच सदोष आहे.

रबरी नळी चिमट्याने दाबून एकेक चाक वेगळे करण्याची पद्धतही वापरली जाते. मात्र जुनी, ताठ झालेली नळी अशा दाबाने आतून फाटू शकते. म्हणून बदलायच्या नळीखेरीज इतरत्र ही पद्धत टाळली जाते.

== दुरुस्ती ==

=== सिलिंडर व नळ्या ===
सिलिंडर उघडल्यावर आतील पृष्ठभाग गुळगुळीत असेल तरच केवळ किट बदलणे पुरेसे ठरते. गंजाचे खड्डे किंवा खोल ओरखडे असल्यास नवे वायसर लवकर झिजतात, म्हणून पूर्ण सिलिंडर बदलावा लागतो. भाग धुण्यासाठी स्वच्छ ब्रेक द्रव किंवा ब्रेक क्लीनर वापरतात. रॉकेल, डिझेल किंवा पेट्रोल यांमुळे रबर फुगते. गंजलेल्या नळीवर झाळकाम करणे किंवा तिचा तुकडा कापून रबरी नळी जोडणे सुरक्षित नाही. ब्रेकसाठी बनवलेली नळीच योग्य फ्लेअरसह बसवावी लागते.

=== लायनिंग व ड्रम ===
एका बाजूचे लायनिंग बदलल्यास त्याच ॲक्सलच्या दुसऱ्या बाजूचेही बदलले जाते, अन्यथा ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते. ड्रम लेथवर टर्न करताना त्यावर किंवा निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेली कमाल व्यासाची मर्यादा पाळावी लागते. शूचे अंतर हवा काढण्यापूर्वी जुळवले जाते. आधी हवा काढल्यास पेडल खालीच राहते आणि हवा उरल्याचा गैरसमज होतो.

=== हवा काढणे ===
या कामाला दोन व्यक्ती लागतात. नवा मास्टर सिलिंडर बसवण्यापूर्वी त्यातील हवा वेगळी काढली जाते. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरचे चाक प्रथम घेण्याची पद्धत आहे. उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या ट्रकमध्ये मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे आणि पुढचे उजवे असा क्रम सामान्यतः येतो. निर्मात्याने वेगळा क्रम दिला असल्यास तो पाळला जातो. वेगळा बसवलेला सर्वो असल्यास त्यावरील निपलचाही या क्रमात समावेश होतो.

निपलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक ब्रेक द्रव असलेल्या बाटलीत बुडवले जाते. एक जण पेडल दाबून धरतो. दुसरा निपल उघडतो, द्रव बाहेर आल्यावर निपल बंद करतो आणि त्यानंतरच पेडल सोडले जाते. निपल उघडे असताना पेडल सोडल्यास हवा पुन्हा आत ओढली जाण्याची शक्यता असते. म्हणून ‘दाब’, ‘धर’, ‘सोड’ असे शब्द आधी ठरवून घेतात. बुडबुडे येणे थांबेपर्यंत हे चालते. मधल्या काळात टाकी रिकामी होऊ दिली जात नाही.

जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टन रोज जेथपर्यंत जातो त्यापुढील भाग गंजलेला असू शकतो. हवा काढताना पेडल तळापर्यंत नेल्यास वायसर त्या खरखरीत भागावरून जाऊन फाटतात आणि आधी चांगला असलेला सिलिंडर दुरुस्तीनंतर गळू लागतो. हे टाळण्यासाठी पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवून चाल मर्यादित केली जाते. मागील ॲक्सलला भारानुसार दाब बदलणारी झडप असल्यास चाके लोंबकळत ठेवून मागील हवा पूर्ण निघेलच असे नाही. अशा वेळी गाडीचा भार चाकांवर ठेवून काम करतात.

दुरुस्तीनंतर इंजिन सुरू ठेवून पेडल एक मिनिट दाबून धरले जाते, सर्व जोड पुन्हा पाहिले जातात आणि रिकामा ट्रक मोकळ्या जागेत अगदी कमी वेगाने चालवून ब्रेक तपासले जातात.

== ब्रेक द्रव ==

ब्रेक द्रवाला व्यवहारात ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात. परंतु डॉट ३ व डॉट ४ हे द्रव खनिज तेल नसून ग्लायकॉल ईथरवर आधारलेले असतात. नावामुळे गैरसमज होऊन टाकीत इंजिन ऑइल किंवा हायड्रॉलिक जॅकचे तेल ओतले गेल्यास रबरी वायसर फुगतात आणि ब्रेक जाम होऊ शकतात. तसे झाल्यास केवळ द्रव बदलून भागत नाही. नळ्या धुऊन सर्व रबरी भाग बदलावे लागतात.

अमेरिकी मानकानुसार डॉट ३ चा किमान उत्कलनबिंदू कोरड्या स्थितीत २०५° से. आणि पाणी शोषलेल्या स्थितीत १४०° से. असतो, डॉट ४ साठी हे आकडे २३०° से. व १५५° से. आहेत. येथे पाणी शोषलेली स्थिती म्हणजे सुमारे ३.७ टक्के पाणी असलेला द्रव. सिलिकॉनवर आधारित डॉट ५ या द्रवांत मिसळत नाही. उघडा राहिलेला डबा बाष्प शोषतो, त्यामुळे दमट किनारी भागात लहान, सीलबंद डबे घेणे सोयीचे असते. द्रव बदलण्याचा कालावधी निर्माता ठरवतो. दोन वर्षे हा सर्वसाधारण प्रघात आहे.

बाटलीत काढलेला द्रव पुन्हा वापरला जात नाही. तो रंग उखडतो व विषारी असतो. म्हणून गटारात, विहिरीजवळ किंवा शेतात न ओतता बंद डब्यात साठवून टाकाऊ रसायन म्हणून वेगळा द्यावा लागतो. डहाणू तालुका केंद्र सरकारने १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून अधिसूचित केला आहे.

== सुरक्षितता ==

* पंप मारून ब्रेक लागणे ही केवळ गाडी थांबवण्यापुरती तात्पुरती सोय आहे. अशा स्थितीत भार घेऊन प्रवास सुरू ठेवणे धोकादायक असते.
* उतारावर पेडल खाली गेल्यास लागोपाठ पंप मारणे, खालचा गिअर घेणे आणि हँडब्रेक हळूहळू ओढणे हे उपाय केले जातात.
* डिझेल वाचवण्यासाठी उतारावर न्यूट्रल करून गाडी सोडल्यास इंजिनाचा रोध मिळत नाही. इंजिन बंद केल्यास बूस्टरची मदतही लवकरच संपते.
* चाक काढताना ट्रक केवळ जॅकवर न ठेवता भक्कम घोडीवर ठेवला जातो.
* जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ड्रममधील धूळ हवेच्या दाबाने न उडवता ओली करून पुसली जाते.

== कायदेशीर तरतुदी ==

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५६ नुसार परिवहन वाहनाला योग्यता प्रमाणपत्र आवश्यक असते. ब्रेकविषयीच्या अटी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९६ मध्ये आहेत. असुरक्षित स्थितीतील वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवणे किंवा चालवू देणे कलम १९० नुसार दंडनीय आहे. त्यामुळे ही जबाबदारी चालकापुरती मर्यादित राहत नाही. योग्यता प्रमाणपत्र हे तपासणीच्या दिवशीच्या स्थितीचे असते. पुढील तपासणीपर्यंत पेडलमध्ये होणारा बदल सर्वप्रथम चालकाच्या पायाला जाणवतो, म्हणून त्याची तक्रार तपासणीचा आरंभबिंदू मानली जाते.

== हे सुद्धा पहा ==

* हायड्रॉलिक ब्रेक
* ड्रम ब्रेक
* पास्कलचा नियम
* राष्ट्रीय महामार्ग ४८
* डहाणू तालुका
* तलासरी तालुका